करंगळीचा निरोप

१५ नोव्हेंबर

कुष्ठरोग शोध मोहिमेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आज आटोपलं. रोजच्या कामाची नोंद ठेवा असं सांगण्यात आलं आहे. त्यासाठी छापील रजिस्टर मिळालं, पण त्यात घर क्रमांक, चट्टा, बधिरता आणि शेरा एवढेच रकाने आहेत. माणसाच्या मनात काय चाललं आहे त्याला रकाना नाही. म्हणून ही वेगळी वही.

सुरुवात नीट करतो. मी आदेश मोहुर्ले, वय एकतीस, मूळचा चिमूरचा, अविवाहित. धानोरा तालुक्यात कंत्राटी आरोग्यसेवक म्हणून लागून आठ महिने झाले. वजन अडुसष्ट किलो. रोज सकाळी वीस दंड.

प्रशिक्षण आमच्या वैद्यकीय अधिकारी डॉ. चंचल मॅडमनी दिलं. त्यांचं सांगणं असं की हा जंतू अंगाच्या थंड जागा शोधतो आणि तिथल्या नसांमध्ये घर करतो. नस म्हणजे कातडीची खबर मेंदूपर्यंत नेणारी तार. तार बिघडली की कातडीवर काय घडलं ते मेंदूला कळतच नाही. म्हणून हा चट्टा दुखत नाही, खाजत नाही, आणि म्हणूनच माणूस दवाखान्यात येत नाही. तपासणी सोपी आहे. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, पेनाचं टोक हलकेच टेकवायचं, जिथे लागलं तिथे त्याने बोट ठेवायचं.

मॅडमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मीच आधी दिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मोहुर्ले, तुम्हाला सगळं समजलंय. आता थोडं लोकांचंही ऐकून घ्या." चांगला शेरा आहे.

१७ नोव्हेंबर

आजपासून बोडीटोला. एकशे बारा घरं, बहुतेक गोंड कुटुंबं, धानाची कापणी जोरात. माझ्या जोडीला गावच्या आशाताई नीलाबाई कोवे. पन्नाशी ओलांडलेल्या, बोलणं कमी, हातात काठी. काठी चालण्यासाठी नाही, कुत्र्यांसाठी आहे.

पहिल्याच अंगणात मी उदाहरण देऊन समजावलं. म्हटलं, ऊर्जानगरला वीज तयार होते आणि तारांमधून गावोगाव जाते. शरीरातही तसंच तारांचं जाळं आहे, आणि मेंदू म्हणजे आपलं ऊर्जानगर. लोक माना डोलवत होते. तेवढ्यात नीलाबाईंनी विचारलं, "पन भाऊ, वीज तिकडून इकडे येते. तुमी तं म्हनता खबर इकडून तिकडे जाते."

मी म्हटलं, दोन्हीकडून जाते. त्यावर एक म्हातारी गोंडीत काहीतरी बोलली आणि सगळं अंगण हसलं. नीलाबाईंनी अर्थ सांगितला: आमच्याकडे तीन दिवसांपासून लाइट नाही, म्हणजे आमचा मेंदू बंद आहे का?

उद्यापर्यंत दुसरं उदाहरण शोधायला हवं.

१८ नोव्हेंबर

सापडलं. हाताला चटका बसला की हात अर्ज करतो. अर्ज मनगट, कोपर, खांदा करत पाठीच्या कण्यात जातो आणि तिथून वर मेंदूसाहेबांच्या टेबलावर. साहेब वाचतात आणि म्हणतात, चटका बसला. आज कुणी हसलं नाही. फक्त नीलाबाई म्हणाल्या, अर्जाचा निकाल लागेपर्यंत तर हात शिजून जाईल.

हा प्रश्न बरोबर आहे हे मला मान्य करावं लागलं. दुपारी प्रशिक्षणाचं पुस्तक उघडून बसलो. उत्तर असं, की चटका बसल्यावर हात मागे घेण्याचा निर्णय मेंदू घेतच नाही. तो खाली पाठीच्या कण्यातच होतो, मेंदूला मागाहून कळतं. हे सांगितल्यावर नीलाबाई पहिल्यांदा खूश झालेल्या दिसल्या. "म्हनजे सरपंचानच निकाल देला, साहेबाले मंग सांगतलं." तेव्हापासून बोडीटोल्यात पाठीच्या कण्याला सरपंच म्हणतात.

पुस्तकात आणखी एक सापडलं. स्पर्शाची खबर वेगाने जाते, दुखण्याची सावकाश. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी नुसतं कळतं, आणि मग आता दुखणार म्हणून आपण दम धरून उभे राहतो, तो वेळ यामुळेच. स्पर्श मोटारसायकलने जातो आणि दुखणं बैलबंडीने येतं. हे उदाहरण नीलाबाईंचं आहे. रजिस्टरात मी माझ्या नावावर लिहिलं.

संध्याकाळी त्यांच्याकडे चहा झाला. स्टीलचा पेला काठोकाठ भरलेला, वाफा निघत होत्या. त्यांनी स्वतःचा पेला पदरात धरला. मी सरळ डाव्या हातात घेतला, बुड करंगळीवर टेकवून, आणि बोलत राहिलो. त्या माझ्या हाताकडे पाहत होत्या. भाजत नाही का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की थंड पाण्याची आंघोळ आणि रोजचा व्यायाम असला की शरीराला सवय लागते. त्यांनी एक फडकं माझ्यापुढे सरकवलं. या पिढीला व्यायामाचं महत्त्व पटवणं कठीण आहे.

२० नोव्हेंबर

एसटीत चढताना दाराच्या लोखंडी दांड्यावर डावं कोपर आपटलं. आतल्या बाजूला, जिथे लागलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, नेमकं तिथेच. मागचा माणूस माझ्या वतीने कळवळला. मला काहीही झालं नाही. उद्यापासून दंड पंचवीस.

२१ नोव्हेंबर

आज लटारूभाऊ नैताम यांना तपासलं. वय पासष्ट, गावातले सगळ्यात हजरजबाबी गृहस्थ. गुडघ्याखाली फिकट चट्टा आहे. त्यांना डोळे मिटायला लावून मी बारा वेळा पेन टेकवलं आणि बाराही वेळा त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. तेराव्या वेळी तर पेन टेकायच्या आधीच ठेवलं. इतकी तल्लख नस मी अजून पाहिली नव्हती.

बाहेर आल्यावर नीलाबाई म्हणाल्या, त्यांचे डोळे पुरते मिटलेले नव्हते. मी म्हटलं, माणसांवर संशय घेऊन आरोग्यसेवा होत नाही. 'संवेदना उत्तम' असा शेरा मारला.

खरं लिहायचं तर मी घाईत होतो. परवा मुलगी पाहायला गडचांदूरला जायचं आहे आणि शर्ट इस्त्रीला टाकायचा होता.

२३ नोव्हेंबर, रविवार

स्थळ वामनराव मामांनी आणलेलं. मुलगी दीपिका, वय अठ्ठावीस, तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. आई नाही. वडील गुणवंतराव चुनखडीच्या खाणीतून निवृत्त झालेले, अबोल. चिमूरहून आई आली होती.

मुलाने स्वतःबद्दल सांगावं असं मामा म्हणाले, म्हणून मी नसांबद्दल सांगितलं. सरपंच, बैलबंडी, सगळं. दीपिकाने दोन प्रश्न विचारले. डाव्या हाताची खबर मेंदूच्या कोणत्या बाजूला जाते, हा पहिला. मी म्हटलं, डाव्या. ती म्हणाली, उजव्या, वाटेत ती बाजू बदलते. दुसरा प्रश्न मला नीट आठवत नाही, कारण पहिल्यावरच मी थोडा गडबडलो होतो.

मग चहा आला. इथेही स्टीलचे पेले. सगळे फुंकर घालत बसले होते. मी डाव्या हातात तसाच, करंगळीवर टेकवून पेला घेतला आणि शांतपणे धरून राहिलो. दीपिका माझ्या हाताकडे पाहत होती. एकदा नाही, चार वेळा. पहिल्या प्रश्नाची भरपाई झाली असं वाटतं. हातात दम असलेला माणूस बायकांना आवडतो असं मामा नेहमी म्हणतात.

परतताना बसमध्ये पाहिलं तर करंगळीच्या कडेला फोड आला आहे. पिशवीचा बंद काचला असेल.

२५ नोव्हेंबर

दीपिकाचा मेसेज आला. "डाव्या करंगळीला काय झालंय? डॉक्टरांना दाखवा."

अकरा वेळा वाचला. नंतर मी लिहिलं की आपल्या काळजीबद्दल आभारी आहे, किरकोळ आहे. लगेच उत्तर आलं: "किरकोळ असेल तर डॉक्टर तसं सांगतील. दाखवा." दोनच दिवसांच्या ओळखीत एवढा हक्क. मामांना फोन करून सांगितलं की तिकडून होकारच समजा.

२६ नोव्हेंबर

नव्वद घरं झाली, संशयित शून्य. मॅडमना फोनवर आकडा कळवला. त्या म्हणाल्या की इतकं निरोगी गाव त्यांनी आजवर पाहिलं नाही. हे कौतुक मी नीलाबाईंपर्यंत पोचवलं. त्यांनी काठीने जमिनीवर दोन रेघा ओढल्या आणि म्हणाल्या, उद्या समाजमंदिरापाशी बाया जमवते.

२७ नोव्हेंबर

अक्षर वेडंवाकडं येतं आहे. रागाने.

समाजमंदिरासमोर तीसेक बाया आणि काही पुरुष जमले होते. पेन पाहून बाया मागे सरकल्या. त्यांना वाटलं, टोचतात. तेव्हा नीलाबाई म्हणाल्या, आधी आरोग्यसेवकालाच तपासून दाखवू, म्हणजे भीती जाईल. कल्पना मला आवडली. मी उजवा हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "दुसरा द्या."

मी डावा हात दिला, डोळे घट्ट मिटले आणि वाट पाहू लागलो. बराच वेळ काही होईना. मी म्हटलं, सुरू करा नीलाबाई. मी पुन्हा म्हटलं, लोकांचा कापणीचा वेळ जातो आहे. एक बाई हसली, मग आणखी दोघी, मग लटारूभाऊंचं मोठं हसणं ऐकू आलं. मी डोळे उघडले.

पेनाचं टोक माझ्या करंगळीवर टेकलेलं होतं. करंगळीवर आणि तळव्याच्या कडेला निळे ठिपके पडले होते. मी मोजले. नऊ.

"नऊ डाव टेकवला, भाऊ," नीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. न हसणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

मी सगळ्यांना सांगितलं की पेन फार हलकं लावलं होतं. त्यांनी तेच पेन तसंच माझ्या उजव्या हाताला लावलं आणि माझा हात आपोआप मागे आला.

शासकीय मोहिमेत चेष्टा चालणार नाही. मी लेखी तक्रार करणार आहे. जेवण गेलं नाही.

२८ नोव्हेंबर

तक्रार लिहिली नाही.

पहाटे उठून विहिरीच्या काठावर बसलो आणि स्वतःची तपासणी केली. डोळे मिटून उजव्या हाताने डाव्याला पेन लावलं. बारापैकी बारा बरोबर. इतका आनंद झाला की बादली तशीच सोडून घरी आलो. शर्ट घालताना लक्षात आलं की पेन कुठे टेकलं ते डावा हात सांगत नव्हता, उजवा सांगत होता. पेन धरणारा तोच होता.

मग नीलाबाईंकडे गेलो. त्या अंगणात धान वाळत घालत होत्या. मी न बोलता हात पुढे केला आणि डोळे मिटले. त्यांनी फार वेळ लावला. करंगळीवर एकही नाही. अनामिकेवर अर्ध्या बाजूला नाही. मग त्यांनी माझी बाही वर केली आणि कोपराच्या मागे बोट फिरवलं. तिथे रुपयाएवढा फिकट डाग आहे म्हणाल्या. मला तो दिसत नाही, कितीही मान वळवली तरी. इतरांना दिसतो.

"पयल्याच दिवशी दिसला होता, बाही वर केली होती तुमी," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही.

"सांगाले गेली, तं तुमी ऊर्जानगर सांगत होते."

२९ नोव्हेंबर

मॅडमनी कोपराच्या आतल्या खाचेत बोट दाबून पाहिलं. नस सुजून दोरीसारखी झाली आहे. करंगळीची खबर इथवर येते आणि पुढे जात नाही. हात चटका खातो, सरपंचाला कळत नाही, साहेबांना कळत नाही, आणि आदेश मोहुर्ले व्यायामाचे फायदे सांगत बसतो. हे शेवटचं मॅडम बोलल्या नाहीत, मी म्हणतो आहे.

त्या म्हणाल्या की लवकर सापडलं आहे, पूर्ण बरं होतं. सहा महिने गोळ्या, आणि नसेच्या सुजेसाठी वेगळ्या. संवेदना परत येईल का, यावर त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. येऊ शकते, पण नस दिवसाला फार तर मिलिमीटरभर बरी होत पुढे सरकते, आणि सगळी परत येईलच असं नाही. तोवर जे डाव्या हाताला सांगता येत नाही ते डोळ्यांनी पाहायचं. गरम भांडं फडक्याने धरायचं, रोज हात तपासायचा.

मी विचारलं, नोकरी जाईल का. त्या म्हणाल्या, नाही. लोकांना माझ्यापासून धोका आहे का? औषध सुरू झाल्यावर नाही. मग त्यांनी नोंद केली. या मोहिमेत बोडीटोला विभागात सापडलेला पहिला रुग्ण, आदेश मोहुर्ले. शोधणारी, नीलाबाई कोवे.

बाहेर येऊन पाण्याच्या टाकीमागे बसलो. रजिस्टरात याला रकाना नाही म्हणून इथे लिहितो, रडलो. पाऊण तास तरी. एक बकरी समोर उभी राहून पाहत होती, तिच्यासमोर थांबवणंही जमलं नाही.

१ डिसेंबर

काल मॅडमसमोर पहिली मात्रा घेतली. आज पहाटे लघवीला गेलो तर लालभडक. मला वाटलं, मूत्रपिंड गेलं. सहा वाजता मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं की या गोळीने पहिले एक-दोन दिवस लघवी लाल होते, घाबरू नका, असं लोकांना सांगायला तुम्हीच फिरता ना. मी होय म्हटलं. त्या म्हणाल्या, मग सांगत चला.

आईला फोनवर कळवलं. तिने गोळ्या किती आणि कधी ते विचारलं. मग म्हणाली, जेवतोस ना वेळेवर. मी म्हटलं, जवळच्या माणसांना एक प्रतिबंधक मात्रा घ्यावी लागते. तिने विचारलं, दीपिकाकडच्यांनाही का?

४ डिसेंबर

दोन दिवस विचार केला. बोडीटोल्यात माझ्यावर हसले, ती चेष्टा वाटली म्हणून हसले. खरं काय ते अजून नीलाबाईंशिवाय कुणाला माहीत नाही. उरलेली बावीस घरं उरकून मी निघून जाऊ शकतो. नीलाबाईंनी सांगावं असं काही सुचवलं नाही. उलट म्हणाल्या, तुमचा हात, तुमची मर्जी.

आज पुन्हा समाजमंदिरापाशी लोक बोलावले आणि आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं. म्हटलं, त्या दिवशी नीलाबाईंनी चेष्टा केली नव्हती. मला आहे. गोळ्या सुरू आहेत. डाग इथे आहे. आणि शर्टाची बाही वर करून पाठ फिरवली. मला स्वतःला तो दिसत नाही, त्यामुळे मागे लोक काय पाहत आहेत याचा अंदाज येत नव्हता. मग पाठीमागून एक खरबरीत बोट कोपरावर टेकलं. नंतर दुसरं. बाया रांगेत येऊन हात लावून पाहत होत्या. एकीने विचारलं, लागते का. मी म्हटलं, नाही. तिने हे पुढच्या बाईला सांगितलं आणि तिनेही लावून पाहिलं.

दुपारी लटारूभाऊ आले. म्हणाले, "डोऱ्यावर फडकं बांधा." नीलाबाईंनी त्यांचाच गमछा घट्ट बांधला. बारापैकी चार.

मी विचारलं, तेव्हा डोळे किलकिले का ठेवले होते. त्यांनी गमछा सोडून खांद्यावर टाकला. "तुमी येता, सांगता आन निघून जाता, भाऊ. मंग गावात मलेच राहावं लागते. पन तुमाले झालं तरी तुमी इथीच आले, म्हनून म्हटलं पाहून घेऊ."

त्यानंतर बाया स्वतःहून आल्या. आधी तपासलेली नव्वद घरं नीलाबाई आणि मी पुन्हा तपासणार आहोत. माझ्या जुन्या शेऱ्यांवर त्यांनी काहीही टिप्पणी केली नाही. फक्त जिथे 'संवेदना उत्तम' दिसेल तिथे त्या काठी आपटतात.

१२ डिसेंबर

पुनर्तपासणीत सात संशयित, मॅडमनी त्यांतले चार पक्के केले. लटारूभाऊ गोळ्या घेतात आणि लाल लघवीचं वर्णन सगळ्या गावाला ऐकवतात.

दीपिकाला कळवणं राहिलं होतं. पहिला मसुदा अडीच पानांचा झाला, त्यात ऊर्जानगरही होतं. सहावा दोन ओळींचा: "तुम्ही बरोबर होता. कुष्ठरोग आहे, डाव्या हाताची नस, उपचार सुरू." पाच मिनिटांत उत्तर आलं. "वाचलं. गोळ्या चुकवू नका."

१४ डिसेंबर

मामांचा फोन. गुणवंतरावांनी नकार दिला. कारण सांगितलं नाही, लगेच फोन ठेवला. कारण काय असणार. मी मामांना म्हटलं, बरोबरच आहे. मग उगाच आरशासमोर उभा राहून कान पाहिले, नाक पाहिलं. नेहमीसारखेच आहेत.

१९ जानेवारी

महिन्याभरात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. पण आज दीपिकाचा फोन आला. तीस तारखेला कुष्ठरोग दिनानिमित्त दहावीच्या वर्गासमोर बोलाल का, असं विचारलं. मी म्हटलं, वडिलांना चालेल का. ती म्हणाली, शाळा वडिलांची नाही. मग म्हणाली की भाषण पंचवीस मिनिटांत संपवा, त्या दिवशी घरी तुम्ही चाळीस मिनिटं बोललात.

तिने मोजली होती.

३० जानेवारी

बावीस मिनिटांत संपवलं.

वर्गात साठ मुलं-मुली. डाव्या हाताची खबर मेंदूच्या उजव्या बाजूला जाते हे मी ठणकावून सांगितलं. दीपिका मागच्या बाकाजवळ उभी होती, तिने दोनच ठिकाणी दुरुस्ती केली. एका मुलीने विचारलं, सर, तुम्हाला दुखत नाही तर चांगलंच नाही का? मी बाही वर केली, करंगळीवरचा भाजल्याचा व्रण दाखवला आणि सांगितलं की हा झाला तेव्हा मी खूश होतो. कुणी हसलं नाही. मग एक हसली आणि सगळा वर्ग हसला, आणि मीही.

फाटकापाशी गुणवंतराव उभे होते. मी नमस्कार केला आणि बाजूने जाऊ लागलो. त्यांनी माझी बाही धरली आणि मला सायकल स्टँडच्या मागे नेलं. मला वाटलं, पोरीच्या शाळेत पुन्हा दिसू नका असं सांगणार. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि म्हणाले, "जरा पाहून घ्या."

पोटरीवर तांबूस, गोल चट्टा. कडा उठलेल्या.

"दोन वर्सं झाली. कोनाले सांगतलं नाई. पोरीलेबी नाई." त्यांचा आवाज पार खाली गेला होता. तुमचं कळलं तेव्हा वाटलं, तिकडेही तेच आणि इकडेही तेच, मधे पोरीचं कसं होईल, म्हणून नाही म्हटलं, असं काहीसं ते म्हणाले.

मी विचारलं, खाजतं का. लय खाजतं, झोप लागत नाही, म्हणाले. मला तिथेच बरंचसं कळलं, पण नियम तो नियम. त्यांना डोळे मिटायला सांगितलं. देवासमोर मिटावेत तसे त्यांनी मिटले. मी बारा वेळा पेन टेकवलं. बाराही वेळा बरोबर जागी बोट, आणि दोनदा त्यांना गुदगुल्या झाल्या.

"हा गजकर्ण आहे," मी म्हटलं. "खाजतं म्हणजे खबर पोचते आहे. तरी उद्या डॉक्टरांना दाखवून मलम घ्या."

ते जवळच्या एका सायकलच्या कॅरिअरवर बसले आणि तोंडावर रुमाल धरून कितीतरी वेळ हसले. रुमाल काढला तेव्हा डोळे ओले होते. मग त्यांनी माझा डावा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं, कुठवर आलं आता. मी सांगितलं, अनामिकेला कळायला लागलं आहे, करंगळीला अजून नाही. त्यांनी करंगळी दाबून पाहिली, मान हलवली, आणि हात लवकर सोडला नाही.

६ फेब्रुवारी

चार दिवसांच्या रजेवर चिमूरला आलो आहे. सकाळी गुणवंतरावांचा फोन आला. डॉक्टरांनीही गजकर्णच सांगितलं, मलम लागू पडतं आहे. मग म्हणाले की परवा रविवारी घरी या, आईला घेऊन या, वामनरावांनाही आणा.

माझा तर्क असा की आता त्यांच्या नात्यातल्या इतरांनाही तपासून घ्यायचं असेल. चट्ट्याबद्दल लोक फोनवर उघड बोलत नाहीत हे मी एवढ्या दिवसांत शिकलो आहे. बाया असतील तर आई सोबत असलेली बरी, हे त्यांनी विचारपूर्वक सुचवलेलं दिसतं. मामांचा काय उपयोग ते मात्र कळलं नाही. त्यांना नोंदी लिहायला बसवता येईल.

दुपारी दीपिकाचा मेसेज आला: "रविवारी रजिस्टर आणू नका." मी विचारलं, मग नोंद कशात करायची. तिने कपाळावर हात मारल्याचं चित्र पाठवलं.

आई मघापासून पेटी उघडून बसली आहे. रविवारी कोणती साडी नेसू, असं दोनदा विचारलं. मी समजावलं की तपासणीला साडीचा काही संबंध नाही, सुती असली म्हणजे झालं. तिने पेटीतून एक साडी काढून खांद्यावर लावून पाहिली आणि म्हणाली, हिरवी नेसते.